प्रिंटर अडला असता : लिनक्स संगणकाच्या नोंदवह्यांचे वाचन

नोंद ठेवण्याची शिस्त आपल्या शाळांना नवी नाही. हजेरीपट, जनरल रजिस्टर, आवक-जावक, साठा नोंदवही आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांचे शेरेबुक यांवाचून शाळेचे कपाट पुरे होत नाही. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची जन्मतारीख विचारीत त्याचा नातू दारात आला, तर आपण कोणाच्या आठवणीवर विसंबत नाही. जनरल रजिस्टर उघडून पाहतो. मात्र शाळेतील प्रिंटर कागद बाहेर टाकीनासा झाला म्हणजे हीच सवय आपल्याला सोडून जाते. कोणी तार काढून पुन्हा लावतो, कोणी यंत्राच्या पाठीवर थाप मारतो, कोणी 'प्रिंट' ही आज्ञा सात वेळा देतो. संगणकही स्वतःची नोंदवही ठेवीत असतो आणि ती मोकळेपणाने वाचावयास मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लिनक्स प्रणालीवरील संगणकात ही वही कोठे असते व कशी वाचावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

हा विषय किरकोळ नव्हे. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रिंटर पाठीवर टाकून तालुक्यास गेला की त्या दिवशी दोन वर्ग विनाशिक्षक राहतात. दुरुस्तीचे पैसे शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून जातात. आणि कित्येकदा यंत्र मुळी बिघडलेलेच नसते. समजा, दिवाळी संपली आहे, ऊसतोडीस निघालेले कुटुंब शाळेच्या ओट्याशी उभे आहे, रस्त्यावर ट्रक थांबला आहे आणि त्यांच्या मुलीला शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे आहे. ते कार्ड हाती असले, तर कारखान्याजवळच्या शाळेत तिला वर्गात बसविणे सोपे जाते. नसले, तर दारोदार विचारणा करावी लागते. अशा वेळी प्रिंटर का अडला हे दहा मिनिटांत कळणे आणि तालुक्याहून माणूस येईपर्यंत थांबणे यांत फार अंतर आहे. (कार्ड हाताने लिहून, सही-शिक्का करून देता येतेच. प्रिंटर अडला म्हणून मुलीला रिकाम्या हाताने पाठवू नये, हे सांगणे न लगे.)

प्रथम छपाईचा मार्ग समजून घेऊ. आपण 'प्रिंट' म्हटल्याबरोबर मजकूर थेट यंत्राकडे जातो असा समज आहे, तो बरोबर नाही. पंचायत समितीत दिलेला अर्ज जसा एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातो आणि प्रत्येक मेजावर त्याची नोंद होते, तसाच हा प्रवास आहे. मजकूर आधी रांगेत जाऊन बसतो. तेथून तो 'फिल्टर' म्हणविणाऱ्या लहान कार्यक्रमांच्या हाती पडतो. हे फिल्टर त्याचे प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतात. नंतर 'बॅकएंड' नावाचा कार्यक्रम, म्हणजे ह्या कचेरीचा टपालशिपाई, तो मजकूर तारेतून अथवा वायफायमधून यंत्राच्या दारात पोचवितो. या सर्वांवर देखरेख करणाऱ्या व्यवस्थेचे नाव 'कप्स' असे आहे. मायकेल स्वीट या अमेरिकी प्रणालीकाराने १९९७ मध्ये तिच्या रचनेस आरंभ केला. २००७ मध्ये ॲपल कंपनीने तिचे हक्क घेतले. पुढे स्वीट यांनी २०१९ च्या अखेरीस ॲपल सोडल्यावर लिनक्ससाठी तिचा सांभाळ 'ओपनप्रिंटिंग' या संघटनेकडे आला. आपल्या शाळेत उबुंटू असो की सी-डॅकने तयार केलेली बॉस प्रणाली असो, छपाईची कचेरी बहुधा हीच असते.

येथे एक गोष्ट ओघाने सांगावीशी वाटते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेसर प्रिंटर आला. तो दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने जुन्या प्रिंटरच्या कार्यक्रमात अशी सोय केली होती की, कागद अडकला की ज्याचे काम थांबले त्याला संगणकावर निरोप मिळावा. नव्या यंत्रासाठीही तसेच करावे म्हणून त्याने मूळ कार्यक्रमाची संहिता मागितली; ती त्याला नाकारण्यात आली. ह्या नकाराचा सल त्याच्या मनात राहिला आणि १९८३ मध्ये त्याने मुक्त प्रणालीच्या कार्याची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स याने रचलेला लिनक्सचा गाभा त्या कार्याला येऊन मिळाला. तेव्हा आपल्या संगणकावरील ह्या नोंदवह्या उघड्या आहेत, त्यामागे एका अडलेल्या प्रिंटरचाही वाटा आहे!

आता वह्यांकडे वळू. संगणकाला आज्ञा रोमन अक्षरांत द्याव्या लागतात. येथे त्या अक्षरे फोडून सांगितल्या आहेत, त्या लहान लिपीत व जागा न सोडता टंकित कराव्या. जेथे जागा सोडावयाची तेथे तसे सांगितले आहे.

मूळ फोल्डरात 'व्हार' नावाचे फोल्डर असते, त्यात 'लॉग' व त्यात 'कप्स'. या तिसऱ्या फोल्डरात तीन वह्या सापडतात. 'ॲक्सेस लॉग' म्हणजे आवक-जावक : कोणी, केव्हा, कोणती मागणी केली एवढेच तीत असते. 'पेज लॉग' म्हणजे छापलेल्या पानांचा हिशेब. नव्या आवृत्त्यांत तो मुद्दाम सुरू केल्याशिवाय लिहिला जात नाही, म्हणून ही वही कोरी दिसल्यास घाबरू नये. तिसरी 'एरर लॉग' हीच आपल्या कामाची. फेडोरासारख्या काही वितरणांत ही वही स्वतंत्र नसून संपूर्ण संगणकाच्या एकत्रित दैनंदिनीत मिसळलेली असते. 'लॉग' हा शब्दही मनोरंजक आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोराला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रात सोडीत. त्या ओंडक्यावरून वेग लिहिण्याच्या वहीला 'लॉगबुक' म्हणू लागले आणि पुढे तोच शब्द संगणकाच्या नोंदींना चिकटला.

एरर लॉगमधील प्रत्येक ओळीची ठेवण एकसारखी असते. आरंभी एक अक्षर, मग चौकटी कंसात दिनांक व वेळ, मग बहुधा कामाचा क्रमांक आणि शेवटी मजकूर. उदाहरणादाखल, देवनागरीत उतरून घेतली तर एखादी ओळ अशी दिसेल :

ई [१०/नोव्हेंबर/२०२५:१०:५२:१४ +०५३०] [जॉब २७] जॉब स्टॉप्ड ड्यू टू फिल्टर एरर्स

आरंभीचे अक्षर हा त्या ओळीचा आवाज समजावा. 'डी' म्हणजे अगदी बारीकसारीक तपशील, 'आय' म्हणजे साधी माहिती, 'एन' म्हणजे सूचना, 'डब्ल्यू' म्हणजे इशारा, 'ई' म्हणजे चूक. याहून गंभीर असे 'सी', 'ए' व 'एक्स' हे वर्ग आहेत. पण त्यांची गाठ क्वचितच पडते. वेळेनंतरचा '+०५३०' हा आकडा म्हणजे आपली वेळ प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याची खूण होय. सातवीच्या भूगोलाच्या तासाला हा दाखला उपयोगी पडावा. 'जॉब २७' म्हणजे सत्ताविसावे काम. ह्या क्रमांकाची बोट धरूनच पुढची सारी वाट चालावयाची असते, कारण एकाच वहीत अनेक कामांच्या ओळी एकमेकींत गुंतलेल्या असतात.

तथापि वही उघडण्यापूर्वी एक प्रश्न संगणकाला तोंडी विचारून पाहावा. 'टर्मिनल' ही खिडकी उघडून एल, पी, एस, टी, ए, टी ही अक्षरे जोडून लिहावी, एक जागा सोडावी, आडवी लहान रेघ व तिला लागून टी लिहून एंटर दाबावे. कचेरी चालू आहे किंवा नाही, कोणता प्रिंटर नेमलेला आहे, तो कोणत्या पत्त्यावर आहे आणि रांगेत किती कामे तिष्ठत आहेत, हे सर्व एका पानात पुढे येते. प्रिंटरच्या नावापुढे 'आयडल' असल्यास तो रिकामा व सज्ज आहे. पण 'डिसेबल्ड' असा शब्द दिसला, तर तेथेच थांबावे. ह्याचा अर्थ यंत्र निकामी झाले असा मुळीच नाही. टपालशिपाई एकदा दारातून परत आला म्हणून कचेरीने त्या पत्त्यावरील वाटप बंद ठेवले आहे, एवढाच त्याचा अर्थ. बॅकएंड अयशस्वी झाला की रांग थांबवावी, हा कप्सचा मूळ नियम आहे. काही वितरणांत तो बदलून पुन्हा प्रयत्न करण्याचा ठेवलेला असतो. छपाई चालू असता वीज गेली, तार सुटली, तरी ही अवस्था येऊ शकते. आणि वीज परत आली तरी रांग आपोआप सुरू होईलच असे नाही. खेड्यातील प्रिंटर 'बिघडतात' त्यांतील बरेचसे ह्याच प्रकारचे असतात, असे माझे मत झाले आहे.

रांग मोकळी करण्याआधी साचलेली कामे पाहावीत. प्रश्नपत्रिकेच्या चाळीस प्रती काढण्याची आज्ञा सात वेळा दिली असेल, तर रांग सुरू होताच दोनशे ऐंशी कागद एकापाठोपाठ बाहेर येऊ लागतील. म्हणून सी, ए, एन, सी, ई, एल, जागा, आडवी रेघ, ए अशी आज्ञा देऊन जुनी कामे रद्द करावी. नंतर एस, यू, डी, ओ, जागा, 'कप्सएनेबल' हा सी-यू-पी-एस व ई-एन-ए-बी-एल-ई मिळून झालेला शब्द, जागा, आणि आधीच्या उत्तरात दिसलेले प्रिंटरचे नाव जसेच्या तसे लिहावे. 'सुडो' हा शब्द म्हणजे मुख्याध्यापकाच्या अधिकाराने केलेली सही. त्यासाठी परवलीचा शब्द विचारला जातो आणि तो टंकताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला असे त्यावरून समजू नये.

एवढ्याने काम झाले तर उत्तम. न झाल्यास मात्र वही उघडलीच पाहिजे. तिची सर्व पाने वाचण्याचे कारण नाही, ताज्या ओळी नेहमी तळाशी असतात. 'सुडो', जागा, टी-ए-आय-एल म्हणजे 'टेल', जागा, आडवी रेघ व एफ, जागा, आणि मग वहीचा संपूर्ण पत्ता : तिरपी रेघ, व्ही-ए-आर, तिरपी रेघ, एल-ओ-जी, तिरपी रेघ, सी-यू-पी-एस, तिरपी रेघ, 'एरर', खालची रेघ, 'लॉग'. ही आज्ञा दिली की वही डोळ्यांपुढे उघडी राहते आणि नवी ओळ पडली की ती लगेच दिसते. आता दुसऱ्या खिडकीतून एक पान, एकच पान, छापावयास द्यावे. पाहणे संपल्यावर कंट्रोल व सी ह्या कळा एकत्र दाबून बाहेर यावे.

एरवी ही वही मितभाषी असते, केवळ इशारे व चुका लिहिते. सविस्तर साक्ष हवी असल्यास 'सुडो', जागा, सी-यू-पी-एस-सी-टी-एल, जागा, दोन आडव्या रेघा, 'डीबग', आडवी रेघ, 'लॉगिंग' असे लिहावे. मग एका पानाच्या छपाईसाठी शेकडो ओळी पडतात. त्या पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या मेजांचाच हा क्रम असतो. अमुक फिल्टर सुरू झाला, अमुक बॅकएंड सुरू झाला, अमुक चूक न होता बाहेर पडला. ज्या मेजावर 'स्टॉप्ड विथ स्टेटस' असे शब्द येतील आणि पुढे शून्याखेरीज आकडा असेल, तेथे अर्ज अडला. खरे कारण मात्र त्या ओळीत क्वचितच असते. ते तिच्या आधीच्या दहावीस ओळींत असते, म्हणून तेथून वर वर वाचीत जावे. गणितात उत्तर चुकले म्हणजे आपण शेवटच्या ओळीवर फुली मारून थांबत नाही. पायरी पायरीने मागे जाऊन हातचा कोठे विसरला ते पाहतो. तेच येथे करावयाचे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एच.पी. लेसरजेट १०२० हा प्रिंटर आपल्याकडील कचेऱ्यांतून व शाळांतून पुष्कळ दिसतो. त्याच्या पोटात स्वतःचा कार्यक्रम कायमचा साठविलेला नसतो. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर संगणकाने तो त्याला पाठवावा लागतो. लिनक्सवर हे काम 'एचप्लिप' नावाचा संच करतो आणि त्यासाठी कंपनीचा एक जोडभाग, ज्याला 'प्लगिन' म्हणतात, वेगळा बसवावा लागतो. हा जोडभाग व संच यांची आवृत्ती तंतोतंत एक असली पाहिजे. संगणकाने एखाद्या रात्री सर्व कार्यक्रम नवे करून घेतले की संच पुढे जातो, जोडभाग मागे राहतो, आणि काल छापणारा प्रिंटर आज गप्प बसतो. पडद्यावर फक्त 'फिल्टर फेल्ड' एवढेच दिसते. पण वहीत त्याच कामाच्या क्रमांकापुढे 'एम-जॉब इनिशियलायझेशन फेल्ड विथ एरर = ४८' अशी ओळ सापडते. हा अठ्ठेचाळीस म्हणजे जोडभाग सापडला नाही, असे सांगणारा आकडा होय. यंत्र निर्दोष, तार निर्दोष, शाईही भरपूर. एच-पी, आडवी रेघ, 'प्लगिन' ही आज्ञा इंटरनेट जोडून चालविली की योग्य आवृत्ती उतरवून घेतली जाते. गावात जाळे नसल्यास त्याच आवृत्तीचा जोडभाग केंद्रशाळेतून पेन ड्राइव्हवर आणता येतो. मात्र आवृत्तीचा आकडा आधी कागदावर लिहून न्यावा.

वहीत 'वेटिंग फॉर प्रिंटर टु बिकम अव्हेलेबल' असे आढळले, तर फिल्टरांची कामे उरकली असून टपालशिपाई दारात ताटकळत आहे असे समजावे. आता दुसरी वही पाहावी. ती संगणकाच्या गाभ्याची. 'सुडो', जागा, डी-एम-ई-एस-जी असे लिहिले की ती उघडते. प्रिंटरची यूएसबी तार काढून पुन्हा लावली असता तिच्या तळाशी 'न्यू' शब्दाने नव्या उपकरणाची ओळ पडली पाहिजे. काहीच पडले नाही, तर तार, खाच अथवा प्रिंटरचा वीजपुरवठा यांपैकी एक दोषी आहे. नवे उपकरण आले, मग 'डिसकनेक्ट', पुन्हा आले, पुन्हा 'डिसकनेक्ट', अशी ये-जा दिसल्यास तार सैल आहे किंवा विजेचा दाब हेलकावे खात आहे. तार बदलून पाहणे हा येथे सर्वांत स्वस्त उपाय. वायफायवरील प्रिंटरची कथा थोडी वेगळी : वीज जाऊन आली की राउटर त्याला कधी कधी नवा पत्ता देतो आणि कचेरी जुन्याच पत्त्यावर माणूस पाठवीत राहते. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून ठेवावा.

प्रत्येक ओळ तक्रार नसते, हेही ध्यानात असावे. 'प्रिंटर ड्रायव्हर्स आर डेप्रिकेटेड' असा इशारा हल्ली जवळजवळ प्रत्येक वहीत असतो. पुढील आवृत्त्यांत जुनी पद्धत बंद होणार आहे एवढेच तो सांगतो, आजच्या बिघाडाशी त्याचा संबंध नाही. रंगांच्या 'प्रोफाइल' विषयीची 'ऑलरेडी एक्झिस्ट्स' ही ओळही अशीच निरुपद्रवी. ॲक्सेस लॉगमध्ये ४०१ हा आकडा आला आणि लगोलग त्याच मागणीपुढे २०० आला, तर पहारेकऱ्याने आधी ओळख विचारली व मग आत सोडले, असे ते आहे. अशा ओळी कोणत्या हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रिंटर सुरळीत चालत असताना एकदा वही वाचून ठेवणे. निरोगी मुलाचा चेहरा ज्याने पाहिला आहे त्यालाच त्याचा आजार चटकन कळतो.

जुन्या संगणकांत आणखी एक अडचण येते. आतील नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्याबरोबर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि आजच्या चुकीची नोंद भलत्याच सालाखाली पडते. वहीवर विसंबण्याआधी डी-ए-टी-ई ही आज्ञा देऊन संगणकाला आजची तारीख विचारावी. सेल बदलण्यास खर्च फारच थोडा येतो.

या वह्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. 'जॉब कम्प्लीटेड' अशी नोंद आहे आणि तरीही कागद कोरा, फिकट किंवा काळ्या पट्ट्यांचा आला, तर कचेरीने आपले काम चोख केले आहे. दोष टोनर, ड्रम किंवा कागद यांत शोधावा. पावसाळ्यात दमट झालेले कागद एकमेकांस चिकटून आत अडकतात, त्याचे मूळ कारण कोणतीही वही सांगणार नाही. येथे मात्र तालुक्याची वाट धरणे योग्य ठरते. आणि अशा वेळी 'प्रिंटर चालत नाही' असे मोघम सांगण्यापेक्षा कामाचा क्रमांक, वेळ आणि शेवटच्या वीस ओळी कागदावर उतरून न्याव्यात. दुरुस्ती करणाऱ्याचा तास वाचतो आणि अनावश्यक सुटा भाग माथी मारला जाण्याचा संभवही कमी होतो.

या ओळी कोणास दाखविण्यापूर्वी त्यांवरून एकदा नजर फिरवावी. छापलेल्या मजकुराचे शीर्षकही नोंदींत राहू शकते. शीर्षकात विद्यार्थ्याचे नाव किंवा एखाद्या बालकाच्या अपंगत्व प्रमाणपत्राचा उल्लेख असेल, तर तो खोडून मगच कागद बाहेर द्यावा. पुढे जाऊन असे दस्तऐवज साठविताना शीर्षकात नावाऐवजी जनरल रजिस्टरचा क्रमांक घालण्याची सवय ठेवल्यास हा प्रश्नच उरत नाही.

काम आटोपले की सविस्तर लिखाण बंद करण्यास विसरू नये. तीच सी-यू-पी-एस-सी-टी-एल आज्ञा पुन्हा द्यावी, मात्र दोन आडव्या रेघांनंतर 'नो', आडवी रेघ, 'डीबग', आडवी रेघ, 'लॉगिंग' असे लिहावे. लहान डिस्कच्या संगणकावर ही बडबड महिनोन् महिने चालू राहिली तर वही फुगून जागा अडवू लागते, आणि डिस्क पूर्ण भरली की नवे काम रांगेत ठेवण्यासही जागा उरत नाही. डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते डी-एफ, जागा, आडवी रेघ व एच या आज्ञेने दिसते.